पहिली अर्धमॅरेथॉन आणि संथ धावण्याचे शास्त्र

पुण्यात १९८३ साली, मुंबईत २००४ साली आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात २०१२ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींमुळे महाराष्ट्रात धावणे हा केवळ खेळाडूंचा आणि पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा व्यायाम राहिलेला नाही. नोकरी आणि संसार सांभाळणारे, शाळा सुटल्यानंतर मैदानाशी संबंध न उरलेले असंख्य स्त्री-पुरुषही आता अशा शर्यतींसाठी नाव नोंदवतात. त्यांच्यापैकी बरेच जण पहिल्या प्रयत्नासाठी अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचा पल्ला निवडतात आणि ही निवड शहाणपणाची आहे. मात्र या पल्ल्याची तयारी म्हणजे दररोज आधीच्या दिवसापेक्षा अधिक वेगाने धावणे, अशी जी समजूत आढळते, ती शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. नवख्या धावकाने सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट म्हणजे हळू धावणे; आणि हे शिक्षण वाटते त्यापेक्षा बरेच अवघड असते.

या पल्ल्याचे विचित्र आकडे ऐकून पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती, तर १९०८ साली लंडनमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांपर्यंतचे अंतर ४२.१९५ किलोमीटर भरले आणि १९२१ साली तेच प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे झालेल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता आणि त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या खेड्यांतील तरुणांच्या वेळा पाहून दोराबजी टाटांनी भारतीय खेळाडूंना अँटवर्पला पाठवण्यासाठी पुढाकार घेतला होता. लांब पल्ल्याचे धावणे ही अलीकडे महानगरांतून आलेली हौस आहे, असे मानणाऱ्यांनी हा तपशील अवश्य लक्षात ठेवावा.

धावण्याचा सराव सुरू झाला की शरीरात अनेक बदल एकाच वेळी सुरू होतात, पण ते एकाच वेळी पूर्ण होत नाहीत, आणि नवख्यांना होणाऱ्या बहुतेक दुखापतींचे मूळ याच विषमतेत सापडते. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलले जाते आणि पूर्वी धाप लावणारा वेग सोपा वाटू लागतो. पुढील काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमधील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मोकळी करणारे सूक्ष्म घटक, संख्येने आणि आकाराने वाढतात. स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्यांचे, अर्थात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होऊ लागते. महिना-दीड महिन्यातच धावकाला आपल्या दमात झालेला फरक स्पष्ट जाणवतो आणि त्याचा उत्साह वाढतो.

हाडे आणि कंडरा मात्र या वेगाने बदलत नाहीत. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. टाचेच्या वर हाताला लागणारी जाड शीर म्हणजे पोटरीची कंडराच होय. तिला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिची बळकटी आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत मोजावी लागते. हाडाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. वाढलेल्या भाराला तोंड देण्यासाठी हाड स्वतःची पुनर्बांधणी करते. तथापि या प्रक्रियेत जुना भाग विरघळवणाऱ्या पेशी आधी काम करतात आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी मागाहून येतात, त्यामुळे मधल्या काळात ते हाड तेवढ्या जागी थोडे कच्चे राहते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट बल पायावर येते आणि अर्धमॅरेथॉनमध्ये नवख्या धावकाची वीस हजारांहून अधिक पावले पडतात, हे लक्षात घेतले की सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नडगी, गुडघा किंवा टाच का दुखू लागते, याचा उलगडा होतो. दमाने परवानगी दिलेली असते, हाडांनी दिलेली नसते. नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर नेमके दुखत असेल आणि ते दुखणे धावताना वाढत जात असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा जाण्याची ती सुरुवात असू शकते. अशा वेळी गोळी घेऊन धावत राहण्याऐवजी धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे हाच मार्ग आहे.

हळू म्हणजे किती हळू, याचे उत्तर घड्याळापेक्षा बोलण्यातून अधिक विश्वसनीयरीत्या मिळते. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर वेग योग्य आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जास्त आहे. या सोप्या कसोटीमागे ठोस कारण आहे. संथ वेगात स्नायूंची ऊर्जेची गरज प्राणवायूच्या पुरवठ्यातून भागते आणि इंधनात चरबीचा वाटा मोठा राहतो, तर वेग वाढला की साखरेचा खप वाढतो आणि थकवा लवकर येतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी या तत्त्वाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली, तेव्हा मध्यम अंतराच्या धावपटूंनाही आठवड्यामागून आठवडे लांब आणि बेताच्या वेगाने धावायला लावणाऱ्या त्यांच्या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले. पुढे लिडियार्ड यांनी हीच रीत ऑकलंडमधील मध्यमवयीन, बैठे काम करणाऱ्या माणसांपर्यंत नेली, आणि आजच्या हौशी धावकांची परंपरा बऱ्याच अंशी तेथून सुरू होते. अमेरिकेचे माजी ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी त्यापुढे जाऊन नवख्यांसाठी आलटून पालटून धावण्याची आणि चालण्याची पद्धत रूढ केली. चार मिनिटे धावून एक मिनिट चालणारा माणूस शर्यतीला कमीपणा आणतो, अशी भावना अजूनही काही जणांच्या मनात असते. ती निराधार आहे, कारण वेळेवर घेतलेला चालण्याचा टप्पा पायांवरील भार हलका करतो आणि पूर्ण पल्ला आवाक्यात आणतो.

आठवड्यातून तीन किंवा चार दिवस धावणे नवख्याला पुरेसे असते. त्यांपैकी एक दिवस, बहुधा रविवारी, लांब धाव घ्यायची, उरलेल्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाची हलकी धाव, आणि मधल्या दिवसांत चालणे, सायकल किंवा मांड्या, पोटऱ्या व कंबर बळकट करणारे व्यायाम, अशी आखणी करता येते. लांब धाव हळूहळू वाढवत शर्यतीपूर्वी सोळा ते अठरा किलोमीटरपर्यंत नेली म्हणजे उरलेले अंतर शर्यतीच्या दिवशी निभावते. आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा नियम सर्वत्र सांगितला जातो, परंतु तो जितक्या ठामपणे सांगितला जातो तितका भक्कम आधार त्याला नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवख्या धावकांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाचा सराव त्या नियमानुसार आणि दुसऱ्याचा त्याहून झपाट्याने वाढवण्यात आला, तरी दोन्ही गटांत सुमारे पाचांतील एकाला दुखापत झाली. यावरून वाटेल तसे अंतर वाढवण्याची मुभा मिळत नाही. केवळ टक्केवारीचे गणित सांभाळले म्हणजे पाय सुरक्षित राहिले, ही खात्री मात्र उरत नाही. अंगावर उठणारी दुखणी, झोप आणि मागील आठवड्याचा थकवा यांचा विचार करूनच पुढील आठवडा ठरवावा लागतो.

या सरावासाठी लागणारी जागा आणि वेळ सर्वांना सारखी मिळत नाही, याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली, लॉस एंजेलिस येथे, प्रथम घेण्यात आली, आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर किंवा नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांच्यासारख्या धावपटू दुष्काळी आणि आदिवासी भागांतून पुढे आल्या, तरी सामान्य घरातील स्त्रीला पहाटे पाच वाजता रस्त्यावर एकटीने धावणे आजही सहज शक्य होत नाही. पुरेसा उजेड असलेली, सर्वांना मोफत खुली मैदाने प्रत्येक तालुक्याच्या गावी असणे हे कोणत्याही महागड्या बुटापेक्षा धावण्याच्या प्रसाराला अधिक उपयोगी पडेल.

पहिल्या प्रयत्नासाठी पूर्ण मॅरेथॉनऐवजी अर्धमॅरेथॉन का, याचे उत्तर शरीरातील इंधनाच्या हिशेबात आहे. पिष्टमय अन्नातून मिळणारी साखर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साठवली जाते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १,६०० ते २,००० कॅलरींचा असतो. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. म्हणून साठ किलो वजनाच्या माणसाला अर्धमॅरेथॉनसाठी सुमारे १,२६५ कॅलरी लागतात, तर पूर्ण मॅरेथॉनसाठी २,५००हून अधिक. चरबीचा वाटा वजा केला तरी पूर्ण पल्ल्यात हा साठा तळाला जाण्याचा धोका असतो, आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय एकाएकी शिशाचे होण्याचा जो अनुभव धावक सांगतात, त्यामागे प्रामुख्याने हेच कारण असते. अर्धमॅरेथॉन मात्र घरातील नेहमीच्या जेवणावर भरलेल्या साठ्यात पार पडू शकते. आदल्या रात्री वरण-भात किंवा पोळी-भाजी, सकाळी दीड-दोन तास आधी केळे किंवा थोडेसे पोहे आणि वाटेत लागल्यास खजूर किंवा चिक्कीचा तुकडा एवढे बहुतेकांना पुरते. मात्र जे खायचे ते लांब धावांच्या वेळी आधी खाऊन पाहिलेले असावे, आणि बूट, मोजे व कपडे यांनाही हाच नियम लागू आहे.

पाण्याबाबत दोन्ही बाजूंनी चूक होते. मुंबईत जानेवारीतही हवेत दमटपणा असतो, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर निववण्याचे त्याचे काम अपुरे राहते. त्यामुळे कोरड्या हवेत साधलेला वेग किनारपट्टीवर साधेल, असे गृहीत धरता येत नाही. परंतु या भीतीने वाटेतील पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पोट भरेपर्यंत पाणी पिणेही घातक ठरते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसून क्वचित प्राणावरही बेतते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले त्यांना हा धोका विशेष होता. तहान लागेल तसे घोटभर पिणे ही साधी रीत बहुतेक हौशी धावकांना पुरते. हृदय अचानक बंद पडणे ही याहून दुर्मीळ बाब आहे: अमेरिकेतील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये २००० ते २०१० या काळात धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींत ५९ जणांचे हृदय बंद पडल्याची नोंद झाली. तरीही चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि घराण्यात कमी वयात हृदयरोग झालेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणायचे असते, कारण या काळात नवी क्षमता निर्माण होत नाही. साचलेला थकवा तेवढा उतरतो. शर्यतीच्या दिवशी छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीत वेळ नोंदवणारी चिप असते आणि सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची प्रत्येकाची वेळ ती वेगळी मोजते, म्हणून गर्दीत मागे उभे राहिल्याने काहीही बिघडत नाही. ढोल-ताशे, घोषणा आणि आजूबाजूने सुटणारी माणसे यांच्या भरात पहिले दोन किलोमीटर जवळजवळ प्रत्येक नवखा ठरवल्यापेक्षा वेगाने धावतो, आणि महिनोन्‌महिने केलेल्या संथ सरावाची खरी परीक्षा तेथेच होते. मुंबईत पेडर रोडचा चढ समोर येतो तेव्हा पाय आधीच थकलेले असतात. सुरुवातीला राखलेली शक्ती तेथे कामी येते. साताऱ्यात क्रम उलटा आहे. तेथे आधी घाट चढावा लागतो आणि परतताना उतार लागतो, पण तो उतार फसवा असतो, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात आणि या कामात त्यांच्या तंतूंची झीज चढापेक्षा अधिक होते. त्यामुळे उतारावर लांब ढांगा टाकण्याऐवजी छोटी, जलद पावले टाकणे हिताचे ठरते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर एकदम थांबू किंवा बसू नये. पायांत उतरलेले रक्त हृदयाकडे परतवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करत असतात आणि ते अचानक थांबले की रक्तदाब घसरून भोवळ येते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहावे. स्नायूंची ठणक दुसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि चार-पाच दिवसांत ओसरते, पण आतली डागडुजी त्यानंतरही चालू असते. तेवढे दोन आठवडे हलक्या धावांवर भागवून मगच पुढच्या शर्यतीचे नाव नोंदवावे.