शब्द कोणाला दिला?

१९ सप्टेंबर १३५६. फ्रान्समधल्या प्वातिए शहराजवळची लढाई फ्रेंचांच्या हातून गेली होती. तरी राजा दुसरा जाँ कुऱ्हाड घेऊन लढतच होता आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा फिलिप त्याच्या शेजारी उभा होता. भोवती इंग्लिश आणि गॅस्कन सैनिकांचा गराडा पडला. राजा आपल्याच हाती लागावा म्हणून त्यांच्यात झोंबाझोंबी सुरू झाली. अखेर देनी द मॉर्बेक नावाचा सरदार वाट काढत पुढे आला. राजाने उजव्या हातातला लढाईचा मोजा काढून त्याला दिला आणि तो शरण गेला.

त्या रात्री इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून गाजलेल्या एडवर्डने, आपल्या कैद्याला मेजवानी दिली. राजाला मानाच्या जागी बसवून त्याने स्वतः वाढलं. एवढ्या थोर माणसाच्या पंगतीला बसण्याची आपली योग्यता नाही, असं म्हणून तो जेवायला बसला नाही. त्या काळाचा मोठा बखरकार फ्रुआसार याने हा प्रसंग रंगवून लिहिला आहे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मिरवणूक निघाली, तेव्हा हरलेला राजा पांढऱ्या उमद्या घोड्यावर होता आणि जिंकलेला युवराज त्याच्या बाजूने लहानशा काळ्या तट्टावर.

‘शिव्हलरी’ म्हटलं की आज बाईसाठी दार उघडून धरणारा सभ्य गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. पण मध्ययुगीन युरोपातली शिव्हलरी ही मुळात घोडेस्वार सरदारांची, ‘नाइट’ मंडळींची, लढाईतली रीत होती. शौर्य, धन्याशी इमान, हात सैल सोडून केलेलं दान आणि दिलेला शब्द पाळणं हे तिचे आधार. ती काही एका दिवसात घडली नाही. सुरुवातीला हे सशस्त्र घोडेस्वार गावांना तापच होते. इ. स. ९८९मध्ये शारू इथे भरलेल्या धर्मसभेने चर्च लुटणाऱ्यांना आणि गरिबांची गुरं पळवणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली, ती उगाच नव्हे. पुढे तेराव्या शतकात रामोन लुल याने सरदारांच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात असाच ग्रंथ लिहिणारा जोफ्रुआ द शार्नी तर प्वातिएच्या रणांगणावरच राजध्वज हाती धरून मेला.

या रीतीमागे मोठं अर्थकारणही होतं. पकडलेला सरदार म्हणजे हाती आलेलं घबाड. त्याला मारण्यापेक्षा जिवंत ठेवून खंडणी घेण्यात फायदा होता. कैद्यावर हक्क कोणाचा यावरून खटले चालत. खंडणी जमवण्यासाठी कैद्याला ‘परत येईन’ या शब्दावर घरी सोडत आणि तो शब्द मोडणाऱ्याची सगळ्या युरोपभर छीथू होई. साधा पायदळ शिपाई मात्र पैसे देऊ शकत नसे. त्याला जिवंत ठेवण्याचं कोणाला फारसं कारण नव्हतं.

राजा जाँची किंमत ठरली तीस लाख सोन्याची एक्यू नाणी. १३६०च्या ब्रेतिन्यीच्या तहानुसार पहिल्या हप्त्याचा मोठा भाग भरल्यावर तो सुटला. उरलेल्या रकमेसाठी त्याचे दोन मुलगे आणि इतर बडे सरदार ओलीस राहिले. १३६३मध्ये त्यांतला एक मुलगा, आंजूचा लुई, शब्द मोडून निघून गेला आणि परतलाच नाही. राजाच्या मनाला हे लागलं. दरबाऱ्यांचा विरोध डावलून जानेवारी १३६४मध्ये तो आपण होऊन लंडनला शत्रूच्या ताब्यात परत गेला आणि ८ एप्रिलला तिथेच वारला. थकलेल्या हप्त्यांची बोलणी नव्याने करणं हाही त्याचा हेतू असावा, असं इतिहासकार म्हणतात. तो धरला तरी राज्यावर बसलेला राजा दिलेल्या शब्दाखातर बंदिवासात परत जातो, ही गोष्ट लहान होत नाही.

पण याच राजाच्या कैदेच्या काळात, त्याच्याच देशात दुसरी एक गोष्ट घडली. पहिली पुरेपूर समजायची तर तीही सांगायला हवी.

प्वातिएच्या पराभवानंतर फ्रान्समध्ये कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नव्हता. करांचा बोजा आणि मोकाट शिपायांची लूट यांनी शेतकरी पिचला होता. ज्या सरदारांनी त्याचं रक्षण करायचं, ते रणांगणावर हरून आले होते. मे १३५८च्या अखेरीस पॅरिसच्या उत्तरेकडच्या गावांत उठाव झाला. शेतकऱ्यांनी गढ्या जाळल्या, सरदारांना ठार केलं. गिओम कार्ल हा त्यांचा पुढारी. १० जूनला मेलो गावाजवळ नावारचा राजा शार्ल सरदारांची फौज घेऊन त्याच्यासमोर उभा ठाकला. शार्लने तहाच्या बोलणीसाठी कार्लला बोलावलं. राजाच्या शब्दावर विसंबून तो ओलीस न मागताच गेला. शार्लने त्याला तिथेच पकडलं, बिनपुढाऱ्याच्या शेतकऱ्यांची फौज कापून काढली आणि नंतर कार्लचाही शिरच्छेद झाला. शेतकऱ्याला दिलेला शब्द मोडला म्हणून शार्लची सरदारांमध्ये कुठे नाचक्की झाली नाही.

त्याच दिवसांत मो शहरात फ्रान्सची युवराज्ञी आणि शेकडो खानदानी स्त्रिया अडकल्या होत्या. त्यांच्या सुटकेला दोन सरदार धावले. गास्तों फेब्युस आणि काप्ताल द बूश. यातला काप्ताल प्वातिएला इंग्लंडच्या बाजूने लढला होता, म्हणजे फ्रान्सचा उघड शत्रू. स्त्रियांच्या अब्रूसाठी तो वैर विसरला, अशी ही कथा शिव्हलरीचा दाखला म्हणून सांगितली जाते. दोघांनी मिळून उठाववाल्यांची कत्तल केली आणि शहर पेटवून दिलं. त्या शहरातही बायका राहत होत्या. त्यांच्यासाठी कोणी धावलं नाही.

शिव्हलरीचा खरा दोष इथे आहे. वचन, अभय, दया हे सगळं तिच्यात होतं, पण बरोबरीच्या माणसापुरतं. आपल्या अवतीभवतीही हे दिसतंच: साहेबांची वेळ कधी न चुकवणारा माणूस घरकामाच्या बाईला कबूल केलेला पगार चार-चार दिवस लांबवतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

बरोबरीच्यांपुरतं घातलेलं हे कुंपण रुंद करायचा विचार त्याच परंपरेतून पुढे आला, हे मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवं. १३८७च्या सुमारास ऑनोरे बुव्हे या धर्मपंडिताने युद्धनियमांवरचा आपला ग्रंथ राजा जाँच्या नातवाला, सहाव्या शार्लला अर्पण केला. नांगर हाकणारा शेतकरी आणि त्याचे बैल यांना लढाईत धक्का लागता कामा नये, कारण तो सगळ्यांसाठी राबतो, असं त्यात आहे. १४१०च्या सुमारास क्रिस्तीन द पिझां हिने बुव्हेचा आधार घेत युद्ध आणि शिव्हलरी या विषयावर ग्रंथ लिहिला. लेखणीवर घर चालवणाऱ्या या विधवेने पुरुषांच्या या प्रांतात पाऊल टाकलं, याचं आजही कौतुक वाटतं.

विचाराचा कायदा व्हायला मात्र फार वेळ लागला. १८६४च्या पहिल्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिकाला, तो कोणत्याही बाजूचा असो, उपचारांचा हक्क दिला. १९०७च्या हेग नियमावलीनुसार पांढरं निशाण घेऊन बोलणीला आलेल्या माणसाला हात लावता येत नाही. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांना खंडणीशिवाय अन्न, औषध आणि माणुसकीची वागणूक मिळाली. १९७१च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात आलेल्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांपैकी सैनिकांना हाच करार लागू होता. जुन्या सरदारी रीतीच्या खुणा या करारात अजून आहेत. कैद्याला त्याच्या शब्दावर सोडण्याची तरतूद आहे आणि कैदी अधिकाऱ्याला सक्तीने कामाला लावता येत नाही, साध्या शिपायाला लावता येतं.

कुंपण कुठे घालायचं हा वाद अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २००२मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरवलं की ग्वांतानामोत ठेवलेल्या अल कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा करारांचं संरक्षण नाही. समोरचा माणूस नियम पाळत नाही, मग त्याच्याशी आपण नियमाने का वागायचं, असा युक्तिवाद तेव्हा जोरात होता. १३५८च्या सरदारांनाही तो पटला असता. जून २००६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हमदान’ खटल्यात तो फेटाळला. माणुसकीची वागणूक आणि रीतसर न्यायालयापुढे सुनावणी एवढं किमान संरक्षण देणारं जिनिव्हा करारांचं तिसरं कलम या कैद्यांनाही लागू आहे, असा निकाल दिला. सालिम हमदान हा ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर होता.