बिनतारी उपकरणाचा धक्का कसा ओळखावा?

चेन्नईच्या बंदरात जहाज आले म्हणजे त्याने कोणत्या धक्क्याला लागावयाचे, हे बंदराचे अधिकारी ठरवितात. पुढच्या फेरीस तेच जहाज दुसऱ्या धक्क्यावर दिसेल. केवळ धक्क्याचा क्रमांक लक्षात ठेवून माल पाठविणाऱ्याचा माल एखादे दिवशी भलत्याच जहाजावर चढावयाचा! नावावरही विसंबता येत नाही. १९९६ साली मद्रास शहराचे चेन्नई झाले, तशी जहाजांचीही नावे बदलतात. परंतु मोठ्या जहाजाला मिळालेला सात अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक मालक, ध्वज वा नाव बदलले तरी कायम राहतो.

इंग्रजीत बंदराला आणि संगणकाच्या दाराला 'पोर्ट' हा एकच शब्द आहे. ज्या दारातून माहितीचे कण एकामागून एक जातात, ते 'सिरियल पोर्ट'. पूर्वी तेथे तार जोडीत. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली ज्याच्या कामास आरंभ झाला, त्या ब्लूटूथने तारेच्या जागी रेडिओलहरी आणल्या. तथापि जुन्या आज्ञावलींना सिरियल पोर्टच ठाऊक. म्हणून ब्लूटूथ तशाच पोर्टचा आभास निर्माण करते.

विंडोज प्रणालीत असे उपकरण जोडले म्हणजे त्याला 'कॉम ५' यांसारखा क्रमांक मिळतो. हा झाला धक्का. उपकरण काढून पुन्हा जोडले, अथवा संगणक बदलला, तर तो बदलू शकतो. समजा, शाळेच्या प्रयोगशाळेत एक बिनतारी तापमापक आहे आणि एक विजेची गाडी. आज्ञावलीत 'कॉम ५' कायमचे लिहून ठेवले, तर तापमान विचारणारा संदेश एखादे दिवशी गाडीकडे जाईल!

मग उपाय कोणता? प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा पत्ता असतो. षोडशमान पद्धतीत तो १२ चिन्हांनी लिहितात. आज्ञावलीने प्रथम प्रणालीकडून सर्व सिरियल पोर्टांची यादी मागावी. यादीत प्रत्येक पोर्टाची ओळखखूण असते. ब्लूटूथच्या पोर्टाची खूण 'बीटीएचईएनयूएम' या अक्षरांनी सुरू होते, आणि तिच्या अखेरच्या भागात उपकरणाचा पत्ता असतो. आपल्याला हवा असलेला पत्ता जेथे आढळेल, तेथील कॉम क्रमांक घ्यावा. एक सावधगिरी मात्र बाळगावी. बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी राखलेल्या पोर्टाच्या खुणेत पत्त्याच्या जागी बारा शून्ये असतात. तो पोर्ट सोडून द्यावा.

लिनक्स प्रणालीत तर पोर्टाची मध्यस्थीही टाळता येते. पत्ता आणि वाहिनीचा क्रमांक देऊन आज्ञावली थेट उपकरणाशी जोडली जाते.

तात्पर्य, धक्का प्रत्येक वेळी विचारून घ्यावा. लक्षात ठेवावयाचा तो जहाजाचा कायम क्रमांक.