धामापूरचे तळे आणि आपले तळे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात धामापूर हे लहानसे गाव आहे. माडापोफळींच्या बागा, भाताची खाचरे, झाडीने भरलेले डोंगर व त्यांच्या कुशीतील विस्तीर्ण तळे ही गावाची ओळख होय. तळ्याच्या काठीच श्रीभगवतीचे देवालय आहे.

हे तळे मनुष्याने बांधलेले आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी इ. स. १५३० मध्ये दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून ते निर्माण केले. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली त्याला वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात अनेक विहिरी तळ गाठतात. जमीन उताराची, जांभा दगड सच्छिद्र. त्यामुळे पाणी थांबत नाही. बांध ते अडवितो आणि पाऊस सरल्यावरही गावाच्या उपयोगी आणतो.

ह्या तळ्याविषयी एक आख्यायिका सांगतात. लग्नकार्य निघाले की ग्रामस्थ फुलांची परडी काठावर ठेवीत आणि देवीच्या कृपेने तीत दागिने मिळत. कार्य उरकताच ते परत करावयाचे, असा नेम होता. एकदा कोणी ते परत केले नाहीत आणि देणे कायमचे थांबले.

कथेतील बोध प्रत्येक गावतळ्याला लागू आहे. तळ्याकडून पाणी घ्यावयाचे, तर त्याची निगा राखून परतफेड केली पाहिजे. वरच्या डोंगरावरील झाडी तुटली की माती वाहून येते, गाळ साचतो व साठा घटतो. म्हणून उतारावरील झाडी राखावी व उघड्या जागी समपातळी चर काढावेत. मृगापूर्वी सांडवा मोकळा करावा. बांधावरील उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवून माती चोपावी. मातीच्या बांधावर नवी मोठी झाडे वाढू देऊ नयेत. मुळे कुजली की पोकळ वाट होऊन पाणी झिरपू लागते. काठावर कपडे धुणे, गुरे धुणे व कचरा टाकणे कटाक्षाने टाळावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा व कामे वाटून घ्यावीत. धामापूरच्या पूर्वजांनी घातलेल्या बांधाचे पाणी पुढच्या पिढ्यांना मिळत आले. आपल्या गावचे तळे आपण पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या स्थितीत देणार, ह्याचा विचार येत्या पावसाळ्यापूर्वीच करावयास हवा.