पार्लर वैरागला, मेसेज बघणारी हडपसरला : दूर बसलेल्या मदतनिसाकडे कोणतं काम द्यावं आणि कोणतं नाही

आयब्रो करणाऱ्या बाईला कधी बघितलंय का? दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, समोर खुर्चीत गिऱ्हाईक बाई डोळे मिटून बसलेली. नेमका तेव्हाच फोन वाजतो. उचलायचा कसा? आणि नाही उचलला तर पलीकडची बाई पुढच्या पार्लरला फोन लावते. आता तालुक्याच्या गावात काय, मोठ्या बाजारगावातसुद्धा पाच-सहा पार्लर झालीत.

माझ्या धाकट्या मेव्हणीचं वैरागला पार्लर आहे. एकटीच चालवते, लग्नसराईत एक मुलगी हाताखाली घेते. दोन वर्षांमागं वैशाखात तिच्या हातून एक गोष्ट घडली. मेंदीच्या हातानं फोन कानाला लावून तिनं एका नवरीची तारीख घेतली, "नंतर लिहिते" म्हणाली आणि विसरली. त्याच तारखेला दुसरी नवरी आधीच कॅलेंडरवर लिहिलेली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी न्यायला गाडी दारात आली तेव्हा ही दुसऱ्याच गावात नऊवारी नेसवत होती. त्या नवरीला शेवटी तिच्या चुलत बहिणीनं कसंबसं तयार केलं. ॲडव्हान्स दुसऱ्या दिवशी परत केला, घरी जाऊन माफी मागितली, पण त्या भावकीतली एकही बाई नंतर पार्लरची पायरी चढली नाही. एका नवरीमागं दहा-बारा बाया असतात, हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

त्यानंतर तिनं जे केलं ते सविस्तर सांगतो. तालुक्यात बऱ्याच भगिनी हा धंदा करतात आणि मला दोघी-तिघींनी विचारलंही.

तिच्या नणंदेची मुलगी लग्न होऊन पुण्याला हडपसरला असते. पदरात लहान लेकरू, त्यामुळं नोकरीला बाहेर पडता येत नाही. तिला मेव्हणीनं विचारलं, घरी बसून माझ्या पार्लरचे मेसेज बघशील का? सकाळी एक तास, संध्याकाळी दीड तास. महिन्याला साडेतीन हजार ठरले, लग्नसराईत पाच. या कामाला शहरात व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. नावावरून काही जणांना वाटतं की हे यंत्र आहे. तसं नाही. हाडामासाचं माणूस असतं, फक्त आपल्या दुकानात बसत नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपण कांदा गाडीत भरून सोलापूरच्या मार्केटला पाठवतो. आपण इथं, माल तिथं. अडत्या विकतो, संध्याकाळी पट्टी येते. विश्वास असतो, पण पट्टीवरचं वजन, हमाली, तोलाई आपण तपासतोच. इथंही तेच. काम दुसऱ्याच्या हाती, पट्टी आपल्या हाती.

आधी नंबर वेगळा करा

मेव्हणीनं पहिलं काम केलं ते पार्लरसाठी वेगळं सिम घेण्याचं. घरचा नंबर, बँकेला जोडलेला नंबर, आधारला जोडलेला नंबर यातला एकही मदतनिसाच्या हाती जाता कामा नये. नव्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. हे ॲप फुकट आहे. यात एका खात्याला मूळ फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. मूळ फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडायचं आणि समोरच्या उपकरणावरचा क्यूआर स्कॅन करायचा. पोरगी हडपसरला, म्हणून पहिल्या वेळी व्हिडिओ कॉलवर तिच्या लॅपटॉपचा क्यूआर इकडून स्कॅन केला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. अशी जोडणी आपण स्वतः ओळखीच्या माणसासाठी करायची. कुणी अनोळखी माणूस क्यूआर किंवा कोड पाठवून "हा स्कॅन करा" म्हणाला तर अजिबात करू नका, त्यानं आपलं खातंच त्याच्याकडं जातं.

मूळ फोन आपल्याकडंच ठेवायचा. तो चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात. आपल्याला नको वाटलं तर त्याच ठिकाणी जाऊन 'लॉग आउट' दाबायचं, समोरचं बंद. एक लक्षात ठेवा, बंद केलं तरी तिनं आधी स्वतःकडं उतरवून ठेवलेले फोटो तिच्याकडंच राहतात. त्याबद्दल पुढं सांगतो.

सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन टाकून ठेवा आणि तो मदतनिसालाही सांगू नका.

फोन कॉलचं काय? मोबाईलच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग असतं. 'उत्तर न दिल्यास' हा पर्याय निवडून मदतनिसाचा नंबर टाकला की आपण न उचललेला कॉल तिच्याकडं जातो. हे फक्त पार्लरच्या सिमवर करायचं. काही ओटीपी फोन करूनही सांगितले जातात, म्हणून बँकेच्या नंबरवर फॉरवर्डिंग म्हणजे तिजोरीची किल्ली शेजारी ठेवल्यासारखं. आणि कुणी फोनवर "चारशे एक दाबून अमुक नंबर लावा" असं सांगितलं तर फोन ठेवून द्या. आपले कॉल स्वतःकडं वळवून घ्यायची ती चोरांची रीत आहे.

वही एकच, दोघींची

दोन नवऱ्यांचा घोटाळा झाला तो दोन ठिकाणी लिहिल्यामुळं. थोडं कॅलेंडरवर, थोडं डोक्यात. आता एकच गुगल शीट आहे, दोघींच्या फोनवर उघडते. तारीख, वेळ, गाव, काम, ठरलेले पैसे, ॲडव्हान्स. वहीत नसलेली तारीख म्हणजे न घेतलेली तारीख, असा नियम. मेव्हणी लग्नात कुणाला तोंडी "हो" म्हणाली तरी तिथूनच दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकते आणि पोरगी लिहून घेते.

नवरीच्या बुकिंगला पोरगी ठरलेले प्रश्न विचारते. मुहूर्त किती वाजता? कार्यालय कुठल्या गावाला? हळदीचा मेकअप पण आहे का? नऊवारी का शालू? करवल्या किती? हे प्रश्न मेव्हणीनं एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी ठरलेली उत्तरं 'क्विक रिप्लाय' म्हणून साठवता येतात, तिरकी रेघ टाकली की निघतात. दरपत्रक कॅटलॉगमध्ये टाकलं, त्यामुळं "फेशियल केवढ्याला" हा दिवसातून वीस वेळा येणारा प्रश्न बराच कमी झाला.

गंमत रस्त्यांची झाली. मुहूर्त बारा पस्तीसचा, नवरीला मेकअप, केस आणि साडी मिळून अडीच तास लागतात. पोरीनं नकाशावर बघून जायला पंचवीस मिनिटं धरली. नकाशाला काय माहीत, त्या रस्त्याचं काम वर्षभर निघालंय आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकेरी लागतात! तेव्हापासून शीटमध्ये एक वेगळं पान केलंय, गावांची नावं आणि तिथं पोचायला खरोखर लागणारा वेळ. तेवढं पान मी भरून दिलंय, बातमीसाठी फिरल्याचा तेवढा तरी उपयोग.

बोलायचं कसं

सुरुवातीला पोरगी मेसेज टाकायची, "आपली अपॉइंटमेंट निश्चित करण्यात आलेली आहे." बायांना वाटलं कंपनीचा मेसेज आहे, कुणी उत्तरच देईना. एक आजी तर पार्लरात येऊन विचारून गेल्या, "बाई, तू दुकान विकलंस का?" मग मेव्हणीनं आपल्या आवाजातले मेसेज तिला ऐकवले. आता ती लिहिते, "काकू, उद्या चारला या. ताई वाट बघतेत." आणि आपल्याकडं निम्म्या बाया लिहीतच नाहीत, बोलून पाठवतात. बार्शीकडचं बोलणं कळणारं माणूस पाहिजे. पुण्या-मुंबईची अनोळखी एजन्सी घेतली असती तर स्वस्तात पडली असती की नाही माहीत नाही, पण "येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या बाजाराला येते" याचा अर्थ तिथल्या माणसाला लावता आला नसता.

बायांच्या गोष्टी बाहेर जाता कामा नयेत

खरी जोखीम इथं आहे. पार्लरवालीला बाया काय काय सांगतात! हनुवटीवर केस येतात, थायरॉईडची गोळी चालू आहे, डोक्यावरचे केस चालले आहेत, लग्न ठरतंय पण कुणाला सांगू नका. चेहऱ्याचे फोटो पाठवतात. हे गावातल्या कुणाच्या हाती पडलं तर त्या बाईचं आणि पार्लरचंही नाव गेलं. त्यामुळं मला तरी वाटतं की मदतनीस लांबची असणं इथं फायद्याचंच आहे. गल्लीतली मुलगी ठेवली असती तर तिला प्रत्येक बाई ओळखीची.

तरी नियम कडक केलेत. गिऱ्हाइकाचा फोटो मदतनिसानं स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा नाही. नवरीचा फोटो इन्स्टाग्राम-फेसबुकवर टाकायचा तर नवरीचा "हो" चॅटमध्ये लेखी आलेला पाहिजे, तिच्या आईचा किंवा भावाचा हो चालणार नाही. नंतर ती "काढा" म्हणाली तर त्याच दिवशी काढायचा. देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे आणि त्याचा पायाच संमती हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा, सासरी गेलेल्या पोरीचा फोटो तिला न विचारता गावभर फिरला तर काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे.

फेसबुक पेज आणि गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीचा पासवर्ड द्यायची गरज नसते. दोन्हीकडं आपण मालक राहून दुसऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश देता येतो. गुगलवर त्याला मॅनेजर म्हणतात. तो वेळ बदलेल, फोटो टाकेल, गिऱ्हाइकाच्या अभिप्रायाला उत्तर देईल, पण मालकाला काढू शकत नाही.

पैसा स्वतः बघायचा

ॲडव्हान्सचा क्यूआर पोरगी पाठवते, पैसे थेट मेव्हणीच्या खात्यात येतात. पण "आले" हे शीटमध्ये फक्त मेव्हणीच लिहिते, तेही आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघून. गिऱ्हाइकानं पाठवलेला स्क्रीनशॉट धरायचा नाही, तो खोटा बनवता येतो. "चुकून जास्त पैसे गेले, परत टाका" असा मेसेज आला तरी आधी खातं बघायचं. आणखी एक फसवणूक पार्लरवाल्यांनी ध्यानात ठेवावी. फोन येतो, "मी मिलिटरीत आहे, घरच्या दहा बायकांचा मेकअप करायचाय, ॲडव्हान्स टाकतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

हे काम मात्र दिलं नाही

भाव कमी-जास्त करणं, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं आणि कातडीचा प्रश्न, ही तीन कामं मेव्हणी स्वतः करते. केसांना रंग लावायचा असेल तर पोरगी इतकंच विचारते, आधी कधी लावलाय का, खाज-सूज आली होती का. मग दोन दिवस आधी येऊन कानामागं थोडा रंग लावून बघायला सांगते, कारण काहींना डायमधल्या रसायनाची ॲलर्जी असते आणि ती दिसायला दोन दिवसही लागू शकतात. कुणी "तोंड सुजलंय" असा मेसेज टाकला तर उत्तर एकच ठरलेलं आहे, आधी डॉक्टरकडं जा. आणि लगेच मेव्हणीला फोन. क्रीमचं नाव सांगायचं नाही, घरगुती उपाय सांगायचा नाही.

साडेतीन हजार परवडतात का, असं विचाराल. मेव्हणीचा हिशोब साधा आहे. महिन्यात सुटणारे फोन धरून दोन फेशियल आणि चार-पाच वॅक्सिंग जास्त झालं की पगार निघतो, वर तिचे संध्याकाळचे दोन तास मोकळे. जिच्याकडं दिवसाला चारच गिऱ्हाइकं येतात तिनं मात्र या भानगडीत पडू नये. ॲपमध्येच 'अवे मेसेज' लावता येतो, "कामात आहे, सातनंतर फोन करते", तेवढं पुरेसं आहे आणि फुकट आहे.

सुरू करायचं असेल तर चातुर्मासात करा. लग्नं नसतात, चुका झाल्या तरी निभावतात. पहिले पंधरा दिवस मदतनिसानं उत्तर लिहून आधी आपल्याला दाखवायचं, मग पाठवायचं. पगार किती, वेळ कोणती, सुट्टी कधी, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे नात्यातलं माणूस असलं तरी कागदावर लिहा. नात्यातलं असलं तर जास्तच लिहा. मेव्हणीनं ते केलं नव्हतं, त्यामुळं दिवाळीत पोरगी आठ दिवस सासरी गेली आणि इकडं तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचे मेसेज तुंबले. नणंदेशी त्यावरून थोडं वाजलंही. आता कागद झालाय, एका बाजूला "मामी" आणि दुसऱ्या बाजूला "भाची" अशा सह्या आहेत. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, चहा मात्र मलाच करावा लागला, दोघी व्हिडिओ कॉलवर मार्गशीर्षातल्या तारखा जुळवत बसल्या होत्या.