कमकुवत सिग्नल, तापलेला फोन आणि संपलेली बॅटरी



सातपुड्यातील ज्या पाड्यांवर आमचे जाणे-येणे असते, त्यांतील बहुतेकांची एक ठरलेली ‘नेटवर्कची जागा’ असते. कुठे टेकडीवरचा खडक, कुठे मोहाच्या झाडाखालचे वळण. संध्याकाळी तिथे माणसे जमतात. कोणाला ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या मुलाशी बोलायचे असते, कोणाला आश्रमशाळेतल्या लेकीची खुशाली विचारायची असते. मागच्या हिवाळ्यात अशाच एका खडकावर एका आजींनी मला विचारले, “दादा, पाच मिनिटं बोललं की कान भाजतो. यातलं काही डोक्यात जातं का?” शेजारी उभ्या असलेल्या आशाताईंची तक्रार वेगळी होती. सकाळी पूर्ण चार्ज केलेला त्यांचा फोन दुपारी तीनलाच बंद पडत होता, आणि पाड्यावर एका बाईचे दिवस भरत आले होते.

या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग एकच आहे, म्हणून ते इथे जरा सविस्तर मांडतो.

मोबाइल हा रेडिओ आहे, पण तो ऐकतो तसा बोलतोही. आपला आवाज तो रेडिओलहरींवर चढवून टॉवरकडे पाठवतो. ओढ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी आपण ओरडून बोलतो, जवळ आला की आवाज खाली आणतो. फोनही तसेच करतो. टॉवर त्याला क्षणोक्षणी सांगत असतो की तुझे नीट ऐकू येत नाही, आवाज वाढव. किंवा पुरे झाले, कमी कर. जुन्या २जी फोनची पाठवण्याची कमाल शक्ती २ वॉट असते. टॉवर जवळ आणि मध्ये अडथळा नसेल तर तोच फोन काही मिलिवॉटवर, म्हणजे कित्येक शेपटीने कमी शक्तीवर काम भागवतो. ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट असते आणि चांगल्या सिग्नलमध्ये ती त्याच्या हजाराव्या भागाच्याही खाली उतरू शकते.

ही शक्ती येते बॅटरीतूनच. म्हणून दरीत, पत्र्याच्या खोलीत किंवा धावत्या जीपमध्ये केलेला फोन बॅटरीही जास्त खातो आणि डोक्याजवळ लहरीही जास्त सोडतो. एक वाचवले की दुसरे आपोआप वाचते.

आता आजींच्या भीतीबद्दल. कान गरम होतो तो मुख्यतः फोनच्या आतल्या भागांच्या व बॅटरीच्या उष्णतेने, आणि फोन कानाला दाबून धरल्याने. रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. शरीरातील रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे अंगाला किंचित ऊब देणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले, आणि तेव्हापासून ती बातमी वेगवेगळ्या रूपांत फिरते आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. त्या गटाचा अर्थ असा की पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. २०२४ मध्ये त्याच जागतिक संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. तरी जी काळजी फुकट घेता येते आणि वर बॅटरीही वाचवते, ती का घेऊ नये? मुले फोन अधिक वर्षे वापरणार आहेत, त्यांच्यासाठी तर घ्यावीच.

भारतात विकल्या जाणाऱ्या हँडसेटला १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे: शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम भागात शोषल्या जाणाऱ्या लहरी, म्हणजे ‘सार’, किलोमागे १.६ वॉटपेक्षा जास्त नकोत. बऱ्याच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबले की हा आकडा दिसतो. मात्र ही चाचणी फोन पूर्ण शक्तीवर ठेवून करतात. शहरातल्या माणसाचा फोन त्या शक्तीला क्वचित पोहोचतो. आपल्या डोंगरातला फोन तिथे वारंवार जातो. आकडा तोच असला तरी पाड्यावरच्या माणसाने अंतर पाळण्याला जास्त अर्थ आहे तो यामुळे.

अंतर हेच सर्वांत स्वस्त औषध आहे. फोन कानापासून वीतभर लांब नेला तरी डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरी झपाट्याने घटतात. म्हणून स्पीकर लावून बोलावे, किंवा वायरचा इअरफोन वापरावा. आजींना स्पीकर फारच आवडला, कारण आता मुलाचे बोलणे सगळ्या घराला ऐकू येते. (सुनेला तो तितकासा आवडलेला नाही, हेही नमूद करतो.) फोन लागेपर्यंत तो कानाला लावून ठेवू नये, पलीकडून आवाज आला की मग बोलावे. बोलताना फोनची खालची बाजू मुठीत झाकू नये. बहुतेक फोनचा अँटेना तिथे किंवा कडांना असतो, आणि हाताने तो झाकला की फोन आणखी ओरडतो.

घराचाही फरक पडतो. कुडाच्या भिंतीतून लहरी बऱ्यापैकी आत येतात, पत्रा मात्र त्यांना परतवतो. छप्पर व भिंती दोन्ही पत्र्याच्या असतील तर अंगणात येऊन बोलावे. जीपमध्ये तर चारी बाजूंनी लोखंड असते आणि टॉवरही बदलत राहतो, तेव्हा गाडी थांबल्यावर बोलणे बरे.

आता आशाताईंचा फोन. आम्ही तो उघडून पाहिला तेव्हा त्यात दोन सिम होती. दुसऱ्या सिमच्या कंपनीचा टॉवर त्या दरीत कुठेच नव्हता, आणि फोन दिवसभर त्याला शोधत होता. हरवलेल्या शेळीमागे माणूस दमावा तसा तो दमत होता. सेटिंगमधून ते सिम बंद केले. शिवाय व्हॉट्सॲपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे थांबवले. आता त्या दुपारच्या नोंदींचे फोटो दरीतून पाठवत नाहीत. साठवून ठेवतात आणि खडकावर गेल्यावर एकदम पाठवतात. कमकुवत सिग्नलवर व्हिडिओ पाठवण्याइतके बॅटरी खाणारे दुसरे काम नाही. फोन आता रात्रीपर्यंत टिकतो. पडद्याचा उजेड कमी केल्यानेही बॅटरी वाचते, पण त्याचा लहरींशी संबंध नाही.

ज्यांना दिवसभर फोनची वाट पाहायची नसते, त्यांनी सिग्नल नसलेल्या जागी फोन विमान-मोडवर ठेवावा. टॉर्च, गजर, साठवलेली गाणी सगळे चालू राहते. पण आशाताई, अंगणवाडी ताई किंवा ज्या घरात कोणी आजारी वा गरोदर आहे, त्यांनी हे करू नये. तिथे फोन चालू असणे इतर सर्व हिशेबांच्या वर आहे. अडचणीच्या वेळी आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचे पोहोचत असेल, तर त्यावरून ११२ हा क्रमांक लागू शकतो, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

बाजारात फोनच्या पाठीवर लावायची ‘रेडिएशन शोषणारी’ चकती मिळते. ती घेऊ नये. तिचा उपयोग नसतो. उलट तिने अँटेनाला अडवले तर फोन आवाज वाढवतो. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या व्यापार आयोगानेही हेच सांगितले आहे. ते पैसे वायरच्या इअरफोनला पुरतील.

एक अवघड विषय राहिला. एका ग्रामसभेत टॉवरला विरोध झाला, कारण ‘टॉवरने रोग होतात’. लोकांची काळजी मी समजू शकतो. पण टॉवरच्या लहरी जमिनीवर पोहोचेपर्यंत फार क्षीण होतात, आणि भारतात २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. टॉवर लांब ठेवला की कानाला चिकटलेला फोनच ओरडू लागतो. जागा कुणाची, भाडे कुणाला, झाडे किती तोडणार, हे प्रश्न ग्रामसभेने जरूर विचारावेत. त्या सभेचा निर्णय अजून झालेला नाही.

खडकावर मात्र एक बदल झाला आहे. ऊसतोडीला गेलेल्या मुलांशी आता वेळ ठरली आहे: संध्याकाळी सात. तोवर बहुतेक घरांतले फोन विमान-मोडवर असतात. ज्यांना लिहिता येत नाही ते बोललेला निरोप पाठवतात. त्यासाठी फोन कानाला लावावाच लागत नाही. त्या बाईला पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आशाताई टॉर्च घेऊन खडकावर गेल्या, आणि फोनमध्ये तेव्हा एकेचाळीस टक्के बॅटरी होती.