पेरणीसाठी ठेवलेलं सोनं

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका पेढीवर सराफांनी मंगळपोतीची वाटी काळ्या कसोटीवर घासली. पिवळी रेघ उमटली. शेजारी त्यांनी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. हिणकस सोन्याची रेघ विरते. ही टिकली.

समोर धुळे तालुक्यातली शेतकरी बाई बसली होती. तिचं माहेर जळगावचं, पोतही याच पेढीवर घडवलेली. काळे मणी, लाख यांचं वजन वजा झालं, निव्वळ सोनं काट्यावर आलं. गहाण ठेवताना हातात पडणारी रक्कम किमतीपेक्षा कमीच असते, कारण उद्या भाव उतरला तरी तारण पुरायला हवं.

"मोडून टाका अक्का, व्याज तरी वाचेल," सराफ म्हणाले.

"नाही भाऊ. कापसाचं बियाणं, खत घ्यायचंय. दिवाळीला कापूस विकला की सोडवते."

तिच्या त्या 'सोडवते'नं मला १९९१ सालचा जून आठवला. आखाती युद्धानं तेल महागलं होतं आणि देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. मे महिन्यातच सरकारनं २० टन सोनं परत विकत घेण्याच्या अटीवर बाहेर काढलं होतं. अशा वेळी २१ जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. रामटेकचे माजी खासदार, हरि नारायण आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे. त्यांनी परराष्ट्र, गृह ही खाती सांभाळली होती, पण अर्थकारण हा त्यांचा प्रांत नव्हता. त्या वर्षीची लोकसभेची सार्वत्रिक निवडणूकही त्यांनी लढवली नव्हती. शपथविधीच्या आधी कॅबिनेट सचिव नरेश चंद्रा यांनी दिलेल्या टिपणातून त्यांना खजिन्याची खरी अवस्था कळली.

सत्तरीला टेकलेला हा माणूस फार लवकर शिकला. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्यांनी अर्थखातं डॉ. मनमोहन सिंग यांच्याकडे सोपवलं. १ जुलैला रुपयाच्या अवमूल्यनाचा पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्याआधी राव कचरले, पण ३ जुलैला तोही पार पडला आणि मग ते मागे फिरले नाहीत. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. देशभर हळहळ झाली. पण २४ जुलैला, अर्थसंकल्पाच्याच दिवशी, रावांनी स्वतःकडे ठेवलेल्या उद्योग खात्याचं नवं धोरण आलं आणि बहुतेक उद्योगांवरचं परवान्यांचं जोखड उतरलं. सरकार अल्पमतातलं होतं, तरी हे त्यांनी निभावलं. तारणाचं कर्ज त्याच वर्षी फिटलं.

गहाण पडण्याची लाज खानदेशातल्या घरांना नवी नाही. इथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जाणतात की सोनं खाण्यासाठी ठेवलं तर बुडतं आणि पेरण्यासाठी ठेवलं तर सुटतं. रावांना हा धडा महिनाभरात गिरवावा लागला आणि त्यांनी तो मन लावून गिरवला, म्हणून मला त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते.

सराफांनी पोत पुडीत बांधली, वर तारीख घातली. बाईनं मुदत दोनदा विचारून घेतली, पावती पदराच्या गाठीत बांधली. गळ्यात आता फक्त काळा दोरा होता. पायरी उतरली आणि ती थेट बियाण्याच्या दुकानाकडे वळली.