काळीज तुटते, मग यकृत का नाही?

मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली, की यकृत मिळते. तिचे भावंड असलेले ‘काळीज’ मात्र बोलण्यात हृदयाच्या जागी जाऊन बसले आहे. आईचे काळीज तुटते, लेक काळजाचा तुकडा असते, धाडसी माणसाचे काळीज वाघाचे असते. ‘यकृत’ मात्र सोनोग्राफीच्या अहवालातून बाहेर पडत नाही. असे का?

पहिले कारण वापर. जो शब्द रोज तोंडात असतो, त्यालाच जास्त अर्थ चिकटतात. अमेरिकेतील अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1940च्या दशकात हा संबंध आकडेमोडीने दाखवला. दुसरे कारण अनुभव. न दिसणाऱ्या गोष्टी आपण शरीराला जाणवणाऱ्या गोष्टींच्या आधाराने समजून घेतो, असे जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980च्या पुस्तकात मांडले. रागाने अंग गरम होते, म्हणून डोके तापते. पित्ताची जळजळ सोसलेली असते, म्हणून पित्त खवळते. स्वादुपिंड आत मुकाट काम करते. ते कशाला खवळेल?

तिसरे कारण ठळक खूण. डोळा म्हटले की आकार लगेच नजरेसमोर येतो. म्हणून उसाच्या कांडीला डोळा असतो आणि मराठवाड्यात मोसंबीचे कलम ‘डोळा भरून’ बांधतात. शब्द देशी असावा, अशी अट मात्र नाही. करोनाकाळात ‘व्हेंटिलेटर’ घराघरात पोहोचला आणि आता अडचणीतला साखर कारखानाही व्हेंटिलेटरवर असतो. ‘क्रिएटिनिन’ अजून प्रयोगशाळेतच आहे.

हा केवळ भाषेचा खेळ नाही. छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’त, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. तिथे काय किंवा गावच्या दवाखान्यात काय, रुग्ण बोलतो ते याच शब्दांत. ‘पोटात गोळा येतो’ म्हणजे भीती की खरोखरची कळ? ‘जीव घाबरतो’ म्हणजे मनाची चिंता, छातीची धडधड, धाप की साखर उतरल्याची लक्षणे? शब्द एकच, उपचार वेगवेगळे.

धोका इथेच आहे. हृदयविकाराचा झटका दर वेळी छातीत दुखूनच येतो असे नाही. विशेषतः स्त्रिया, वयस्कर माणसे आणि मधुमेही यांच्यात नुसती धाप, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे एवढेच दिसू शकते. आजी ‘जीव घाबरतोय’ म्हणाली आणि घरच्यांनी ‘उगाच काळजी करते’ म्हणून सोडून दिले, तर मोलाचा वेळ जातो.

म्हणून असे वाक्य ऐकले, की आणखी चार प्रश्न विचारावेत: कुठे होते? कधीपासून? चालल्यावर वाढते का? सोबत घाम किंवा धाप आहे का? डॉक्टरांकडे गेल्यावर आधी रुग्णाचे शब्द जसेच्या तसे सांगावेत, मग ही उत्तरे. त्रास अचानक सुरू झाला आणि सोबत घाम, धाप असेल, तर अर्थ लावत न बसता 108 क्रमांकावर फोन करावा. शब्दाला अर्थ कितीही असोत, त्या क्षणी रुग्णाला कोणता अभिप्रेत आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.